पत्ता वरच्या वाडीचाच

सुलक्षणेचा दिवस पहाटे साडेचारला सुरू झाला, आणि तो गेनबाच्या तरव्यात सुरू झाला. तरवा म्हणजे भाताची रोपं दाट उगवलेला वाफा. डोक्याला बॅटरी बांधलेली, पाठीवर प्लास्टिकचा कागद, पाणी घोट्याच्या वर. रोपांचा झुबका उपटायचा, मुळांचा चिखल पाण्यात झटकायचा, पेंढ्याच्या काडीनं मूठ बांधायची, मागं टाकायची आणि बूड न टेकता पुढं सरकायचं. साडेआठला तिला घरी पोचायचं होतं. नऊला पुण्यातल्या कंपनीत तिची हजेरी लागत असे, आणि त्या जुलै महिन्यात एकही हजेरी चुकवून चालणार नव्हतं.

ही दोन कामं तिनं एका दिवसात का धरली ते सांगतो.

आमची वरची वाडी वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या उताराला. घरं नऊ. मी एकतीस वर्षं बांधकाम खात्यात मैलकुली होतो, नसरापूर-वेल्हे रस्त्यावर. खड्डे भरायचे, गटारं उपसायची, पावसाळ्यात दरड ओढायची. कोण किती राबतं ते मला लांबून कळतं. सुलक्षणेच्या बाबतीत मात्र माझा अंदाज चार वर्षं चुकला. बाई घरात खुर्चीवर बसते, समोर पडदा असतो, बोटं हलवते. याला काम म्हणायचं तर माझ्या कुदळीला काय म्हणायचं, असं मी धरून चाललो होतो. वाडीतही कुणाला वेगळं वाटत नव्हतं.

ती भाटघरची लेक. भोरला बी.कॉम. केलं, मग पुण्याला नोकरी. कात्रजला एका खोलीत सहा मुली राहायच्या, त्यातली एक. कंपनी विम्याचे दावे तपासणारी. हॉस्पिटलचं बिल, डॉक्टरची चिठ्ठी, औषधांच्या पावत्या एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं आणि कॉम्प्युटरात भरायचं. लॉकडाऊन लागला तेव्हा कंपनीनं सगळ्यांना घरी पाठवलं. त्याच वर्षी तिचं आमच्या सोमनाथशी लग्न झालं आणि ती कॉम्प्युटर घेऊनच वाडीत आली. सोमनाथ सारोळ्याला भाजीचा टेम्पो चालवतो. घरात तिसरी रतनबाई, त्याची आई.

लॉकडाऊन उठला. कचेऱ्या उघडल्या, पण मोठ्या शहरातली माणसं पूर्वीसारखी कचेरीत परतली नाहीत. सुलक्षणेच्या गटात अठरा जण होते. अकरा पुण्यात, चार बंगळुरात, दोघं हैदराबादेत आणि ही वरच्या वाडीत. कुठल्याही दिवशी खुर्च्या मोजल्या तर पाच-सहाच्या वर भरलेल्या नसायच्या. बाकीचे आपापल्या फ्लॅटमधून काम करायचे. हिनंही चार वर्षं तेच केलं. पदरच्या पैशानं इन्व्हर्टर बसवला. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली नेटची वायर खांबाखांबावरून घरापर्यंत ओढून घेतली, आणि वादळात तुटली की स्वतः वायरमनच्या मागं लागून जोडून घेतली.

जूनमध्ये कंपनीचं पत्र आलं. मोठ्या शहरांत राहणाऱ्यांनी आठवड्यातले तीन दिवस घरून काम केलं तरी चालेल. खाली आठ शहरांची नावं. बाकी सगळ्यांनी सहाही दिवस ऑफिसात हजर राहावं, नाहीतर नोकरी सोडावी. बाकी सगळे म्हणजे ही एकटीच.

तिनं वैदेही मॅडमना फोन लावला. त्या तिच्या वरच्या अधिकारी. राहायला कोथरूडला.

"मॅडम, चार वर्षांत माझ्या कामाची एक तरी तक्रार आली?"

"तक्रार नाही गं. वरच्यांचं म्हणणं असं, की खेड्यात लाईट नाही, नेट नाही, घरात माणसांची ये-जा. कामात लक्ष राहत नाही."

"तुमच्या घरात माणसं नाहीत?"

मॅडम म्हणाल्या, "जुलैचा महिना देते तुला. एक दिवस रजा नाही. दिवसात पंधरा मिनिटांच्या वर काम बंद पडता कामा नये. आणि चुका ऑफिसमधल्या लोकांपेक्षा कमी. जमलं तर मी वर बोलेन."

"जमवते. तुम्ही बोलायची तयारी ठेवा."

इकडे आवणीचे दिवस आले. आवणी म्हणजे भाताची लावणी. आमच्याकडे ती सावडीनं होते. प्रत्येक घरानं माणूस द्यायचं, एकेका दिवशी एकेका घराचं वावर सगळ्यांनी मिळून लावायचं. आज तुम्ही माझ्याकडे राबलात, उद्या मी तुमच्याकडे. यात पैसा चालत नाही. माणूस न देता रोजंदारीचा मजूर पाठवला तर तो अपमान धरतात. रतनबाईचं वावर मोठं, म्हणून तिच्या घरानं दोन माणसं द्यायची. रतनबाई एक झाली. दुसरं माणूस कोण हे कुणी विचारलंच नाही. सून दिवसभर घरात दिसते, तेव्हा तिला रिकामी धरून मोकळे झाले. रतनबाईनंही तसंच धरलं.

पहिला दिवस रविवारचा. रतनबाईचं वावर लागलं. सुट्टी असल्यानं सुलक्षणा सगळ्यांच्या बरोबरीनं राबली. संध्याकाळी माणसं हातपाय धुऊन देवळाच्या पायरीवर बसली. मीही होतो. गेनबानं दुसऱ्या दिवसाचं ठरवलं. सावडीत त्याचा शब्द चालतो.

"उद्या माझं वावर. रतनबाईकडनं दोघी."

"एक," सुलक्षणा म्हणाली. "आत्या येतील. मला काम हाय."

"कसलं काम?"

"कंपनीचं."

"ते घरातलं व्हय? ते काय, रातच्याला कर की."

माणसं हसली. शेजारची नूतन म्हणाली, "घरात बसून कामावर जाती ही. चप्पल बी झिजत न्हाई."

सुलक्षणा उठून गेनबासमोर उभी राहिली. गेनबा धरणाकाठच्या एका बंगल्यावर राखणीला असतो. पुण्याचा एक साहेब तिथं महिना महिना राहून काम करतो.

"तात्या, बंगल्यातला सायेब काय करतो वो दिसभर?"

"त्यो? त्यो कामात असतो. मोठं काम हाय त्येचं."

"कुठं असतं काम?"

"कुठं म्हंजी? त्या कॅम्पुटरवर."

"आन् बसतो कुठं?"

गेनबा तंबाखू मळू लागला.

"घरातच बसतो की! त्येचं काम चालू असलं की तुमी पोरास्नी फाटकाजवळ फिरकू देत न्हाई. परवा कोंबडं आरडलं तर त्येच्या मागं काठी घिऊन पळालात. त्यो सायेब कामावर, आन् म्या रिकामी?"

"त्यो शेरातला हाय," गेनबा म्हणाला.

"म्या हितली हाय. काम त्येच हाय."

रतनबाईनं तिचा पदर ओढला. "सुलक्षणे, गप बस. चार मानसं राबली आज आपल्यात. फेडायचं न्हाई व्हय?"

"फेडायचं आत्या. कुणाचं बुडवायचं न्हाई मला. रजा घेतली तर नोकरी जाती, म्हणून दिसाची येनार न्हाई." मग गेनबाकडं वळून म्हणाली, "लावायच्या आदी दोन-तीन तास समद्यांचं तरवा उपटण्यात जात्यात. त्यो म्या उपटती. नऊच्या आदी आन् सहाच्या नंतर. एका मानसाच्या दिसाच्या मुठी किती, तुमीच सांगा."

गेनबानं आकडा मुद्दाम चढा सांगितला. "एकशे साठ. कमी पडली तर दिस धरनार न्हाई."

मला तो आकडा माहीत होता. तरणीताठी बाई दिवसभर बसली तर दीडशे काढते. मी तसं म्हणालोही. सुलक्षणा म्हणाली, "असू द्या दादा. एकशे साठ तर एकशे साठ. मोजायला मातूर तुमी या."

म्हणून मी मोजायला गेलो. सोमवारी सव्वाआठला बांधावर एकशे आठ मुठी होत्या. ती धावत घरी गेली. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा आली, ती दुसऱ्या दिवशीच्या घरच्या तरव्यात. अंधार पडल्यावर बॅटरी लावून आठपर्यंत बावन्न काढल्या. एकशे साठ भरल्या, एकशे एकसष्टावी नाही. मी मुठी हातात घेऊन पाहिल्या. बारीक बांधून आकडा भरला असेल असं वाटलं होतं. प्रत्येक मूठ हातात जेमतेम मावेल इतकी भरदार होती आणि मुळं धुतलेली होती.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी पाऊस आडवा होता, तरीही तेवढ्याच. बोटांची पेरं चिखलानं चिरली. नखांच्या कडेला भेगा पडल्या. चिकटपट्ट्या लावून ती अक्षरं बडवायची. पायांना चिखल्या झाल्या होत्या. टेबलाखाली पाय खोबरेल तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले असायचे. त्या दिवशी तिच्या हातून एक चूक गेली. महिन्यातली पहिली. रात्री जेवताना तिनं सोमनाथला फक्त तेवढंच सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी रतनबाई वावरातून तणतणत आली. भाकरी घेऊन यायला कुणी नव्हतं. पाय मांडीपर्यंत चिखलानं भरलेले. दारातच तिनं तोंड सोडलं.

"अगं ए! मानसं उपाशी हायती वावरात. तू बस हितं राणीवानी!"

सुलक्षणेनं हात वर करून थांबवलं. पडद्यावर वैदेही मॅडम होत्या आणि बोलणं चालू होतं. रतनबाई तशीच आत शिरली आणि सुनेच्या खांद्यावरून पडद्यात डोकावली.

"ही कोन गं?"

"आत्या, आमच्या मॅडम हायत्या."

"कचेरीत बसल्यात व्हय?" रतनबाई आणखी वाकली. "कचेरी कसली, मागं ओटा दिसतुया. कुकर बी हाय." तेवढ्यात त्या कुकरनं शिट्टी दिली. "बघ, शिट्टी झाली! अवो बाई, तुमी बी घरातच की."

वैदेही मॅडम ओशाळल्या. "हो आजी. आज मीही घरूनच."

"आन् तुमच्या सासूला चालतं?"

"त्यांनीच तर कुकर लावलाय, आजी."

रतनबाईनं एकदा पडद्यावरच्या कुकरकडं, एकदा सुनेच्या चिकटपट्ट्यांकडं पाहिलं. मग जोरात म्हणाली, "आमची चार वाजल्यापासनं चिखलात उपटत व्हती. पुन्हा हितं येऊन बसली. सांगितलं नसंल तुमाला. ती बोलायची न्हाई. म्या सांगती." आणि गेली. जाताना भाकऱ्यांचं टोपलं स्वतःच उचललं.

रतनबाई बाजूनं बोलली, पण ते अंगावर आलं. मॅडमचा चेहरा बदलला.

"तू पहाटे चारपासून शेतात काम करतेस?"

"माझ्या वेळेत करते मॅडम. कंपनीच्या नाही."

"अगं, पण हेच तर वरचे म्हणतात. खेड्यातलं घर म्हटलं की दहा कामं मागं. माणूस दमून बसतं."

"ऑफिसातली माणसं दोन तास गाडीवर बसून येतात. ती दमत नाहीत? त्यांना कुणी विचारत नाही. माझ्या चुका मोजा. माझी पहाट मोजू नका."

आवणी संपली. सात दिवस तिनं एकशे साठ मुठी दिल्या आणि मधला रविवार पूर्ण राबली. शेवटच्या संध्याकाळी मी गेनबाला सांगितलं, भरल्या. तो "बरं" म्हणाला. त्याहून जास्त त्याला जमलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सुलक्षणेच्या खिडकीखाली त्याची म्हैस हंबरली की तो तिला हाकलत पलीकडं न्यायचा. ते मी पाहिलं.

एकतीस जुलैला मॅडमचा फोन आला. महिन्यात चुका तीन. ऑफिसमधल्यांत सगळ्यात कमी चुका असलेल्याच्या सात. काम बंद पडलं ते एकाच दिवशी, नऊ मिनिटं. वीज गेली होती आणि इन्व्हर्टरची तार निसटली होती.

"उत्तम आहे गं," मॅडम म्हणाल्या. "मी वर बोलले. फक्त एक अडचण आहे. यादीत शहरांचीच नावं आहेत, ती यादी बदलायला कोणी तयार नाही. तू एक कर. फॉर्मवर कात्रजचा जुना पत्ता लिही. मी पास करते. तू राहा की तिथंच, कोण बघायला येतंय?"

"म्हणजे मी पुण्यात राहते असं लिहायचं?"

"कागदावर फक्त."

"नाही लिहिणार."

"सुलक्षणा, सगळं जमलंय. एका ओळीसाठी घालवू नकोस."

"ती ओळच तर मागत होते मी. महिनाभर सिद्ध काय केलं? वरच्या वाडीत बसून काम होतं, हे. आता तुम्हीच म्हणता कात्रज लिही."

तिनं फॉर्मवर वरची वाडी, तालुका वेल्हे असं लिहिलं आणि पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजेरी लागेना. कॉम्प्युटरात शिरायचा तिचा नंबर कंपनीनं बंद केला होता.

घरात वाद झाला. भिंतीला भिंत असल्यानं तो मला ऐकावाच लागला.

"कात्रज लिव्हायला हाताला काटं रुतत्यात का?" सोमनाथ म्हणत होता. "कागूद हाय त्यो."

"कागूद हाय म्हणूनच. म्या कात्रजला बसून केलं असं लिव्हलं, तर हितलं चार वर्साचं काम कुनी केलं? उद्या दुसरी पोरगी हितनं काम मागंल. तिला सांगतील, खेड्यात कुनी करतच न्हाई, यादी बघा."

"दुसरीचं तुला काय पडलंय? आपलं बघ."

"आपलंच बघती."

"लई शानी हायेस."

"शानी हाय म्हणून तर कंपनीनं चार वर्सं ठिवली."

रतनबाई एवढंच म्हणाली, "सोम्या, जेव आन् झोप."

नूतननं नळावर ऐकवलं, "सावडीला बी न्हाई आन् कंपनीला बी न्हाई. मोकळी झाली बाई." सुलक्षणेनं हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मोकळी न्हाई. वाट बघती." ती रोज नऊला खुर्चीवर जाऊन बसायची. हजेरी लावून बघायची. लागली नाही की उठायची आणि बेणणीला, म्हणजे भातातलं तण काढायला, वावरात जायची.

सहाव्या दिवशी मॅडमचा फोन आला. तालुक्याच्या गावांतल्या दवाखान्यांची बिलं तुंबली होती. ती मराठीत, हातानं लिहिलेली. औषधांची नावं आडवीतिडवी. हीच ती भराभर वाचायची. बाकीच्यांना अक्षर लागत नव्हतं. दोनशेच्या वर दावे अडकले होते आणि विमा कंपनी ओरडत होती.

"नंबर उघडते. आत्ता बसशील का?"

"पत्र पाठवा."

"पत्र येईल गं मागून."

"आधी पत्र. त्यात माझा पत्ता इथला पाहिजे. मग बसते."

"इतकी अडून बसू नकोस."

"अडले तुम्ही आहात मॅडम. मी घरीच आहे."

पत्र यायला आणखी दोन दिवस गेले. त्यात यादी बदलल्याचा शब्द नव्हता. एवढंच होतं की या कर्मचाऱ्यास सध्याच्या निवासस्थानावरून, वरची वाडी, तालुका वेल्हे, काम करण्यास मंजुरी आहे. खाली एक अट. कामासाठी स्वतंत्र खोली हवी आणि तिच्या पत्त्याचा पुरावा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावानं वर्षभरात सादर करावा. तिनं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून डब्यात ठेवलं आणि बिलं उघडली. पहिल्या दिवशी एकाहत्तर दावे मोकळे केले.

घर रतनबाईच्या नावावर होतं. सुलक्षणेच्या नावानं पुरावा येणार कुठून? सोमनाथ म्हणाला, कुणाला तरी भेटून कागद करून आणू. ती म्हणाली, करून आणायचा नाही. खोलीच बांधायची, माझ्या नावानं.

रतनबाईनं गोठ्याशेजारची जागा दाखवली आणि ग्रामपंचायतीत सुनेच्या नावानं अंगठा दिला. पाया मी आखून दिला. गवंडी अडीच फुटांवर थांबत होता. इथल्या पावसाला अडीच फूट पुरत नाही, तीन फूट खणायला लावला. एक बाजू सुलक्षणेनं स्वतः खणली, रोज पहाटे, हजेरीच्या आधी. तिची कुदळ सरळ उतरत होती. दुरुस्त करावं असं मला काही सापडलं नाही.

एका दमात पैसा नव्हता. एका पगारात दगड आले, दुसऱ्यात सिमेंट, मग दोन महिने काम थांबलं. पुढच्या पावसाच्या आधी सळई आली. स्लॅब टाकायच्या दिवशी सावडीची सगळी घरं पाट्या घेऊन आली, गेनबा आणि नूतनसुद्धा. सुलक्षणेनं सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, "नऊ ते सहा मला हाका मारू नका," आणि जुन्या घरात जाऊन काम चालू केलं. कुणी हाक मारली नाही. दुपारचं जेवण रतनबाईनं वाढलं.

मुदतीच्या आत घरपट्टीची पावती कंपनीला गेली. मिळकतधारक: सुलक्षणा सोमनाथ. अकरा महिन्यांच्या पगारातून हे उभं राहिलं: दहा बाय बारा फुटांची एक खोली, काळ्या दगडाचं जोतं, वर स्लॅब, तोरण्याच्या बाजूला एक खिडकी, आणि आतून कडी लागणारं दार.